तेच तुणतुणे : पालुपदाच्या इतिहासाची एक बाजू

१

काशीदचा किनारा आता पर्यटकांचा झाला आहे. अलिबागहून रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागले, की डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सुरूची झाडे दिसू लागतात. सुटीच्या दिवशी त्या झाडांखाली मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी एका अभ्यास शिबिराच्या निमित्ताने तिथे गेलो होतो. संध्याकाळी वाळूत बसलो असताना जवळच्या टपरीवर कुणीतरी ध्वनिवर्धक लावला. रॉक संगीताचे गाणे होते. गिटारवर पाच-सहा सुरांचा एक तुकडा वाजे, आणि तो संपला की पुन्हा पहिल्यापासून तोच. गाणारा येत होता, थांबत होता. तुकडा मात्र जागचा हलत नव्हता.

आमच्यातले एक प्राध्यापक शास्त्रीय संगीताचे जाणकार. ते वैतागून म्हणाले, "काय हे तेच तेच तुणतुणे लावले आहे!" सगळे हसले. एक विद्यार्थी तेवढा हसला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, माझे आजोबा तमाशात तुणतुणेच वाजवायचे. आयुष्यभर."

त्यावर कुणालाच काही बोलता आले नाही. त्या वेळी द्यायला हवे होते आणि देता आले नाही, असे एक उत्तर या लेखात मांडतो आहे.

२

प्राध्यापकांचा दोष नव्हता. ते मराठी बोलत होते, आणि आपली मराठी या बाबतीत निष्पाप नाही. कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, की आपण म्हणतो त्याने तुणतुणे लावले. दुसऱ्याच्या मतात मत मिसळणारा माणूस त्याची री ओढतो. नको ती गोष्ट जगजाहीर करणारा दवंडी पिटतो, डांगोरा पिटतो. स्वतःची स्तुती करणारा टिमकी वाजवतो. 'तेच पालुपद' हे शब्दही आपण कंटाळा दाखवण्यासाठीच वापरतो.

हे शब्द कुणाच्या हातातून आले? तुणतुणे हे तमाशातल्या सुरत्याचे, शाहिराच्या झीलकऱ्याचे वाद्य. एक तार आणि एक पोकळ लाकडी नळकांडे. त्यावर चाल वाजत नाही. एकच सूर आणि एकच ठेका धरून ठेवायचा, आणि शाहिराची ओळ संपली की वरच्या पट्टीत 'जी जी' करीत झील उचलायची. दवंडी पिटणे हे पुष्कळ गावांत महाराचे काम. टिमकी, डफ, हलगी ही मांगवाड्या-महारवाड्यातली वाद्ये. म्हणजे ज्यांच्या हाती ही वाद्ये होती त्यांची कामेच भाषेने निंदेचे वाक्प्रचार म्हणून घेतली. सतारीवरून असा एकही वाक्प्रचार मला आठवत नाही.

पुनरावृत्तीविषयी खरोखर तिटकारा असता, तर तो सर्वत्र सारखा दिसला असता. पण तसे नाही. देवाचे नाव हजार वेळा घेतले तर ते नामस्मरण. अभंगात तीच ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत आली तर ते ध्रुवपद. म्हणजे अढळ पद. तबल्याच्या एकल वादनात सारंगीवाला किंवा पेटीवाला तासभर एकच लेहरा वाजवतो, त्या आधारावर तबलजी आपली विद्या दाखवतो, आणि त्याला शास्त्र म्हणतात. तीच गोष्ट बोर्डावर उभ्या असलेल्या सुरत्याने केली की तुणतुणे! तेव्हा प्रश्न पुनरावृत्तीचा नाही. ती कोण करतो, हा प्रश्न आहे.

३

टपरीवर वाजत होता त्या तुकड्याला जॅझ आणि रॉकच्या परिभाषेत 'रिफ' म्हणतात. लहानसा, लक्षात राहणारा, पुन्हा पुन्हा वाजवला जाणारा सुरांचा किंवा ठेक्याचा तुकडा, एवढाच त्याचा अर्थ. विसाव्या शतकातले जगभरचे लोकप्रिय संगीत मोठ्या प्रमाणात या तुकड्यावर उभे आहे. तो आला कोठून?

काशीदच्या दक्षिणेला, मुरूडजवळ, समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला आहे. तिथे राज्य करणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. काशीदचा हा सारा मुलूख १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याच नबाबाचा होता. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हाही गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. अरब आणि पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिकेतली माणसे या किनाऱ्यावर आणली. त्यांतले काही सेनापती झाले, राजे झाले. त्यांचा इतिहास बखरींत आला. ज्यांना राज्य मिळाले नाही, ते गुजरातेत आणि कारवारच्या जंगलपट्टीत मजुरी करीत राहिले. गुजरातच्या सिद्दींच्या धमालमध्ये आजही मोठा ढोल वाजतो, एक जण ओळ टाकतो आणि बाकीचे ती झेलतात. त्यांचे 'मलुंगा' नावाचे वाद्य म्हणजे धनुष्याला बांधलेली एक तार आणि खाली भोपळा. उत्तर कन्नडातल्या सिद्दींचा 'दमाम' हाही ढोलाचाच नाच.

हीच माणसे दुसऱ्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून अमेरिकेत नेली गेली. तिथे ती राजे झाली नाहीत. कापसाच्या, भाताच्या, उसाच्या मळ्यांवर राबली. तिथेही मिसिसिपीच्या खेड्यांतली मुले भिंतीला किंवा फळीला एक तार ताणून वाजवीत; त्या वाद्याला 'डिडली बो' म्हणत. एका तारेचे वाद्य हे गरिबाचे वाद्य असते, तिकडेही आणि इकडेही.

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांनी बंड केले. ढोल वाजवीत ते निघाले आणि वाटेत माणसे मिळत गेली. बंड चिरडल्यावर १७४० मध्ये मालकांनी कायदा केला : गुलामांनी ढोल, शिंगे वाजवायची नाहीत. ढोल बोलतो, माणसे गोळा करतो, हे मालकांना नीट कळले होते. मग ढोल गेला आणि ठेका अंगात शिरला. लोक टाळ्यांवर, मांडीवर, जमिनीवर टाचा आपटून तोच ठेका धरू लागले. शेतात एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचे. प्रार्थनेत धर्मोपदेशकाने वाक्य टाकायचे, सभेने ते उचलायचे. न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारी जमायची मुभा होती, तिथे काँगो स्क्वेअरवर ढोल टिकला. या सगळ्यातून पुढे ब्लूज आणि जॅझ आले.

हे उत्तर देणारे सामुदायिक पालुपदच पुढे वाद्यावर गेले आणि रिफ झाले. १९३०च्या दशकात कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात हे फार स्पष्ट दिसते. तिथे बऱ्याच रचना कागदावर नसतच. एक जण तुकडा सुचवी, शेजारचे तो उचलत, समोरच्या ओळीतले दुसऱ्या तुकड्याने उत्तर देत, आणि त्या जमिनीवर एकटा वादक उभा राहून आपल्या मनातले बोले. १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले 'वन ओ'क्लॉक जंप' असेच जमून आलेले. इथे रिफचे खरे काम समजते. जो एकटा बोलतो त्याला पडू न देणे, हे ते काम. दहा माणसे तीच गोष्ट धरून उभी असतात म्हणून अकरावा नवी गोष्ट बोलू शकतो.

४

या इतिहासाशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांची मुक्ती घडवून आणणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यांच्या साहित्याची चर्चा आपल्या नियतकालिकांनी भरपूर केली. त्यांचे संगीत मात्र आपण ऐकले नाही. ऐकले तरी श्रीमंतांचा शौक म्हणून सोडून दिले.

ऐकले असते तर एक विरोध लक्षात आला असता. अमेरिकेतल्या गुलामाला ढोल वाजवायची बंदी होती. आपल्याला ढोल वाजवायची सक्ती होती.

गावच्या लग्नात, देवाच्या पालखीपुढे, शिमग्यात, मेलेल्या माणसापुढे वाजवणे हे बलुत्याचे काम होते. कोकणात सनई, ढोल, टिमकी, झांज यांचा खालूबाजा पुष्कळ गावांतून महारवाड्यातली मंडळी वाजवीत. ज्या देवळात पाऊल टाकता येत नाही त्या देवाच्या पालखीपुढे, ज्या पंगतीत बसता येत नाही त्या लग्नात. वाजवायचे किती वेळ, थांबायचे केव्हा, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे नाही. ही पुनरावृत्ती सर्जनाची नव्हती; वेठीची होती. जात्याचा फेरा, मोटेचा फेरा, तसा हा हलगीचा फेरा.

म्हणून आपल्या चळवळीने वाद्य खाली ठेवले, ते समजून घेतले पाहिजे. याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले. त्यानंतर गावोगाव मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, तसेच पुष्कळ ठिकाणी वाजवणेही बंद झाले, आणि त्यासाठी लोकांनी बहिष्कार सोसले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. ती वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८च्या कायद्याने, त्यांच्या पश्चात. महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाच्या उत्पन्नाचा पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही, अशी हकीकत चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. आपल्या आयाबहिणींना नाचवून आलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. या नकाराला मान दिल्याशिवाय पुढचे काही बोलता येत नाही.

५

पण इतिहास तिथे थांबत नाही. ज्यांनी गावकीचा ढोल खाली ठेवला, त्यांच्यातल्याच काहींनी तीच ढोलकी आणि तेच तुणतुणे पुन्हा उचलले. या वेळी स्वतःच्या कामासाठी. सत्यशोधक जलशांनी वाट पाडून दिली होतीच. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे आंबेडकरी जलसे नाशिकपासून महाराष्ट्रभर फिरले. सांगाडा तमाशाचाच. पण गणात गणपतीऐवजी वेगळे वंदन आले, शृंगार बाजूला झाला, वगाच्या जागी पाणवठ्याची, शाळेची, सावकाराची प्रकरणे आली. झील मात्र राहिली.

ती का राहिली असेल? समोर बसलेल्या माणसांना वाचता येत नव्हते. वर्तमानपत्र त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. अशा वेळी एक ओळ पाच वेळा आली, की ती श्रोत्याच्या तोंडी बसते आणि तो ती घेऊन आपल्या गावाला जातो. एवढेच नाही. पहिल्यांदा ती ओळ शाहीर म्हणतो, दुसऱ्यांदा झीलकरी म्हणतात, आणि तिसऱ्यांदा मागे बसलेला, गावात मान खाली घालून चालणारा माणूस ती मोठ्याने म्हणतो. अन्याय होतो आहे, हे वाक्य एकट्याने पाटलासमोर म्हणायची छाती नव्हती. पालुपदाने ते पन्नास जणांना एकदम म्हणायला शिकवले. पुढे वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गीतांतून हेच केले. त्यांच्या गीतांची ध्रुवपदे घराघरांत पोचली, ती छापील पुस्तकांआधी.

अण्णाभाऊ साठ्यांचे उदाहरण घ्या. वाटेगावच्या मांगवाड्यातला मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईला आला, गिरणीत राबला, आणि १९४४ मध्ये अमर शेख, गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभा राहिला. त्यांच्या छक्कडीत कडवे पुढे जाते, मुंबईचे एकेक रूप दाखवते आणि पालुपदावर परत येते. जणू गाव सोडलेला माणूस दर वेळी गावाच्या आठवणीशी परत येतो. साधारण त्याच काळात, १९४३ साली, मिसिसिपीच्या मळ्यातला एक शेतमजूर शिकागोला गेला. जगाला तो मडी वॉटर्स या नावाने ठाऊक आहे. १९५५ मध्ये त्याने 'मॅनिश बॉय' गायले. सबंध गाणे एकाच रिफवर आहे. ती तसूभर हलत नाही. त्या गाण्याची चाल आणि कल्पना बो डिडलीच्या त्याच वर्षीच्या 'आय अ‍ॅम अ मॅन'ला दिलेले उत्तर होती. अमेरिकेच्या दक्षिणेत साठीच्या काळ्या माणसालाही गोरा पोरगा 'बॉय' म्हणे. आपल्याकडे म्हाताऱ्या धोंडिबाला पाटलाचा शेंबडा पोर 'ए धोंड्या' म्हणे, तसेच हे. मी माणूस आहे, ही गोष्ट एकदा सांगून ज्यांना कळत नाही त्यांना ती पुन्हा पुन्हाच सांगावी लागते. १९६८ साली मेम्फिसच्या संपावर गेलेल्या सफाई कामगारांनी हेच वाक्य फलकांवर लिहून गळ्यात अडकवले होते. हे तुणतुणे म्हणायचे काय?

६

आता दुसरी बाजू. रिफ धरून ठेवणाऱ्याला काय मिळाले?

बो डिडलीचा ठेका १९५७ मध्ये बडी हॉलीने वापरला, १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने त्याच गाण्यातून पुन्हा वापरला. त्या मंडळींनी आपले नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलेले. ठेक्यावर कायद्याने मालकी सांगता येत नाही. चाल आणि शब्द यांवर सांगता येते. त्यामुळे डिडलीच्या ठेक्यावर इतरांनी पैसा केला आणि त्याच्या मनात ती खंत शेवटपर्यंत राहिली. विली डिक्सन या काळ्या गीतकाराच्या गीताशी साम्य असलेले लेड झेपेलिनचे 'होल लॉटा लव्ह' १९६९ मध्ये जगभर खपले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये तडजोड होऊन त्याला मोबदला मिळाला. गाणे आल्यानंतर अठरा वर्षांनी.

मुंबईतही हे संगीत आले होते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात वाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. ताजमधले श्रोते आणि परळच्या चाळीतले श्रोते एकमेकांना भेटले नाहीत. पण गोव्याच्या वादकांनी ते संगीत उचलले. त्यांतला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा सहायक झाला, आणि १९५१च्या 'अलबेला'त ते गिरणी कामगाराच्या मुलासाठी, भगवान पालव यांच्यासाठी, वाजले. मुंबईच्या कामगाराने रिफवर ताल धरला तो असा, नाव न कळता. त्या गाण्यांत ट्रंपेट कुणी वाजवला, हे पडद्यावर लिहिलेले नसे.

आणि आपण? आपणही शाहिराचे नाव लक्षात ठेवले, झीलकऱ्याचे ठेवले नाही. जलशाच्या इतिहासात पाच-दहा नावे येतात. ढोलकीवर कोण होता, तुणतुण्यावर कोण होता, झील कुणाची, हे आपल्याला सांगता येत नाही. ज्या रचनेविरुद्ध आपण उभे राहिलो तिची सवय आपल्या इतिहासलेखनात राहून गेली. याउलट उदाहरण आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बायांची नावे व गावे नोंदली. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. ओवी एक जण म्हणते आणि दुसरी तिच्या पाठोपाठ धरते. धरणारीचेही नाव असते, हे त्या कामाने दाखवले.

७

एक गोष्ट आपल्याच लोकांसमोर बोलली पाहिजे. पालुपद जमीन असते, घर नव्हे. बेसीच्या वाद्यवृंदात दहा जण रिफ धरीत ते अकराव्याने नवे बोलावे म्हणून. अकरावा बोलायचा थांबला आणि नुसती रिफ उरली, तर तो खरोखरच कंटाळा आहे. आपल्या सभांतून आज हे होताना दिसते. घोषणा तीच, वंदन तेच, जयंतीच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकावर गाणीही तीच. पण त्या जमिनीवर उभे राहून या वर्षीचा अन्याय, या गावचा प्रश्न, स्वतःच्या शब्दांत मांडणारा शाहीर कुठे आहे? मिरवणुकीत यंत्राने वाजवलेल्या पालुपदाला झील देता येत नाही. तिथे फक्त ऐकायचे असते. सक्तीची पुनरावृत्ती मोडून आपल्या पूर्वजांनी स्वतःची पुनरावृत्ती उभी केली होती. ती पुन्हा सवयीची होऊ द्यायची का, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

हलगी ठेवावी की टाकावी, हा वाद आपल्यात अजून मिटलेला नाही. टाकणाऱ्याच्या मनात वेठीची आठवण असते, ठेवणाऱ्याच्या मनात कलेचा अभिमान. दोघांचेही खरे आहे. मला या इतिहासातून एवढेच दिसते, की निकाल वाद्याकडे पाहून लागत नाही. वाजवायचे की नाही आणि थांबायचे केव्हा, हे कोण ठरवतो, तिकडे पाहावे लागते. स्टोनोच्या बंडखोरांनी ढोल वाजवला आणि महाडनंतरच्या माणसांनी तो खाली ठेवला, ही एकच कृती आहे. दोघांनी दुसऱ्याचा हुकूम मोडला.

काशीदहून परतताना मी त्या विद्यार्थ्याला विचारले, आजोबांचे तुणतुणे आहे का घरी? तो म्हणाला, तार तुटली आहे, पण आहे. आजोबांच्या संचात आणखी कोण कोण होते, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढ, असे मी त्याला सांगितले. ढोलकी कुणाची, हलगी कुणाची, झील कुणाची, कोणत्या गावचे, कोणत्या साली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी तुटक्या तारेची वाद्ये असतील, त्यांनीही हे काम हाती घ्यावे. सांगणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.